गावाला किती पाहुणे पेलतील?

पर्यटनाचं यश मोजायची आपल्याकडे एकच पट्टी आहे: किती माणसं आली. २०२४ साली गोव्यात एक कोटीहून जास्त पर्यटक येऊन गेले आणि हा आकडा यशाची खूण म्हणून जाहीर झाला. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. ती आता वाढली असं धरलं तरी दर रहिवाशामागे वर्षाला सहा-सात पाहुणे होतात. त्यांना पाणी कुठून आलं, त्यांचा कचरा कुठे गेला, त्यांच्या खोल्यांसाठी किती शेतं आणि किती टेकड्या कामी आल्या, त्यांनी खर्चलेल्या शंभर रुपयांतले किती गोमंतकीयांच्या हाती राहिले, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात नाही. दुकानदार दिवसाअखेरी गल्ला मोजतो. पायरीवर किती माणसं चढली-उतरली ते मोजत बसत नाही. पर्यटनात मात्र सरकार, हॉटेलवाले आणि वर्तमानपत्रं सगळेच पायरीवरची माणसं मोजतात, आणि ती गेल्या वर्षीपेक्षा कमी दिसली की हंगाम बुडाल्याची ओरड सुरू होते.

हा धंदा टिकाऊ कसा करायचा, याचं आज सगळीकडे ऐकू येणारं उत्तर पर्यटकाच्या वागण्यापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. प्लास्टिकची बाटली नेऊ नका, हॉटेलातला टॉवेल रोज धुवायला टाकू नका, गडावर नावं कोरू नका, कचरा परत आणा. हे सगळं बरोबर आहे आणि करायलाच हवं. पण हजार माणसांची सोय असलेल्या जागी दहा हजार शहाणी, शिस्तीची माणसं आली, तरी विहीर आटतेच आणि पायवाट उखडतेच. म्हणून वागणुकीच्या आधीचा प्रश्न संख्येचा आहे. एखाद्या पठाराला, जंगलाला, किनाऱ्याला किती माणसं पेलतात हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरवताना तिथे राहणाऱ्यांचा शब्द चालला पाहिजे, आणि मर्यादा पाळल्याचा मोबदला त्यांच्याच घरात गेला पाहिजे. या गोष्टी एकमेकींपासून सुट्या केल्या की फसतात, हे महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्याही अनुभवांवरून दाखवता येतं.

सगळ्यात बोलका अनुभव कासचा आहे. सातारा शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटर उंचीवरचं हे जांभ्या दगडाचं पठार. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ, की काही ठिकाणी तो बोटभरही नाही. पावसाळ्यात खडकावर पाणी साचतं, पावसानंतर तेच ठिकाण कोरडं ठणठणीत होतं. मातीत नत्र जवळपास नाहीच, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती बारीक किडे पकडून ती उणीव भरून काढतात. गेंद, तेरडा, सोनकी, दर सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी, अशा शेकडो जातींनी ही अवघड जागा आपलीशी केली आहे. फुलायला त्यांना मिळतात ते ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे काही आठवडे, आणि नेमके त्याच आठवड्यांतल्या शनिवार-रविवारी माणसं येतात. पातळ मातीवर माणूस चालला की ती दबते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही. फूल तुडवल्याचं नुकसान डोळ्यांना दिसतं, माती दबल्याचं नुकसान पुढच्या वर्षी कळतं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कास होतं. त्या मान्यतेने पठाराचं मोल जगाला कळलं आणि त्याचबरोबर गाड्यांच्या रांगाही वाढल्या.

तिथे जे केलं गेलं ते महत्त्वाचं आहे. हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठरली, ऑनलाइन नोंदणी आली, प्रवेशशुल्क लागलं, आणि व्यवस्था वनविभागाच्या जोडीने परिसरातल्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे गेली. गाड्या लावण्याची जागा, तिथून पठारापर्यंत नेणाऱ्या बस, वाटेवर उभे राहून लोकांना फुलांच्या बाहेर ठेवणारी गावातली मुलं, माहिती सांगणारे वाटाडे, हा खर्च त्या शुल्कातून निघतो. माणशी शंभर रुपये धरले तरी भरलेल्या दिवसाचे तीन लाख होतात. डोंगरमाथ्यावरच्या गावांना ही रक्कम लहान नाही. नोकरीसाठी मुंबई-पुण्याची वाट धरणाऱ्या तरुणाला वर्षातले दोन महिने तरी घरी राहून काम मिळतं, आणि पठार राखण्यात त्याचा स्वतःचा फायदा असतो.

कासचा दुसरा धडाही तितकाच मोलाचा आहे. गर्दी आवरायला पठाराला तारेचं कुंपण घातलं गेलं. त्यामुळे माणसं थांबली तशी गुरंही थांबली. गुरं चरायची बंद झाल्यावर गवत माजलं, बारक्या फुलझाडांना ऊन आणि जागा कमी पडू लागली, अशी तक्रार गावकऱ्यांनी केली आणि अभ्यासकांनीही केली. शेवटी कुंपण काढावं लागलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चराई हा त्या फुलांच्या संसाराचाच भाग होता, हे गुराख्याला ठाऊक होतं आणि कुंपणाचा आराखडा करणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मर्यादा ठरवताना गावाला विचारायचं ते केवळ न्याय म्हणून नाही. ज्या जागेवर आपण निर्णय घेतो आहोत तिची माहिती गावाकडे असते.

मर्यादा घातली तर पर्यटन मरतं, ही भीती व्यवसायातली माणसं नेहमी बोलून दाखवतात. त्यांनी ताडोबाकडे पाहावं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. नंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली: गाभ्याच्या वीस टक्क्यांहून जास्त भागात पर्यटन नको, दर प्रवेशद्वारातून किती गाड्या सोडायच्या याचा आकडा ठरलेला हवा. ताडोब्याचा गाभा दर मंगळवारी बंद असतो, पावसाळ्यातही बंद असतो. गाडी वाटेवरून खाली उतरत नाही, माणूस गाडीतून खाली उतरत नाही. इतकी बंधनं असूनही हंगामातल्या सफारीच्या जागा खूप आधीपासून भरतात, आणि गाभ्याभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावांत वाटाडे, गाडीचालक, खानावळी आणि घरगुती निवास यांना काम मिळालं आहे. 'मला हवं तेव्हा, हवं तितक्या गाड्यांनी वाघाच्या अंगावर जाऊ द्या' असं म्हणणारा पर्यटक कुणी विचारात घेत नाही. जंगलात जे आपण निमूट मान्य केलं, ते किल्ला, धबधबा किंवा किनारा म्हटलं की मान्य होत नाही, यामागे सवयीपलीकडे कारण दिसत नाही.

अर्थात आकडा ठरला म्हणजे काम झालं असंही नाही. २०२४च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वाटाड्यांवर आणि चालकांवर कारवाई झाली. गाड्या रीतसर परवान्याच्या होत्या. मग नियम का मोडला? वाटाड्याची बक्षिसी पर्यटकाला वाघ दिसण्यावर अवलंबून असेल, तर तो गाडी पुढे घ्यायला सांगणारच. त्याला दंड करणं सोपं आहे. त्याची कमाई वाघाच्या दर्शनापासून सोडवून ठरलेल्या मेहनतान्याशी बांधणं अवघड आहे, पण उपाय तोच आहे. जागा राखणाऱ्याचं पोट जागा राखण्यावर चाललं पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे गाव या बाबतीत वाटाड्यासारखं आहे. त्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी माणसं नेत, कोल्हे-कुत्री खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२च्या सुमारास तिथे संवर्धन सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. घरट्यातली अंडी सुरक्षित जागी हलवायची, सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ ती समुद्रात सोडायची, आणि ते पाहायला आलेल्यांनी दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. आलेला माणूस मोठ्या हॉटेलात उतरत नाही. गावातल्या घराच्या पडवीत, माजघरात किंवा नव्या बांधलेल्या खोलीत राहतो, घरचं जेवण जेवतो, आणि पैसे ज्या बाईने स्वयंपाक केला तिच्या घरात जातात. पिल्लं त्या दिवशी निघतीलच याची हमी कुणी देत नाही, हेही मला फार चांगलं वाटतं. निसर्गाला वेळापत्रक लावायला गेलं की फसवणूक सुरू होते. अंड्याला भाव मिळत होता तोवर अंडी विकली गेली. जिवंत पिल्लाला भाव आला तेव्हा किनारा राखला गेला. हा बदल प्रवचनाने झाला नाही, पैशाची वाट बदलल्याने झाला.

पैशाच्या या वाटेकडे धोरणं आखणारे फार कमी लक्ष देतात. ऑनलाइन संकेतस्थळावरून बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टमध्ये खोली घेतली, तर भाड्यातला एक वाटा कमिशन म्हणून जातो, एक वाटा शहरातल्या मालकाकडे जातो, भाजी-दूधही घाऊक बाजारातून येतं. गावाला मिळतात चार सफाई कामगारांचे पगार, आणि कचरा व पाणीटंचाई मात्र पूर्ण मिळते. केरळने कुमारकोममध्ये २००८ पासून याच गोष्टीवर काम केलं: हॉटेलांनी भाजी, अंडी, मासे, नारळ जवळच्या शेतकऱ्यांकडून आणि कुटुंबश्रीच्या महिला गटांकडून घ्यायचे. पुढे २०१७ साली त्यासाठी राज्यभराचं जबाबदार पर्यटन मिशन उभं राहिलं. आपल्याकडे निवास-न्याहारी योजना आहे, बचत गट आहेत, कोकणात आणि देशावर सुगरणींची वाण नाही. हॉटेलला परवाना देताना स्थानिक खरेदीची अट घालणं मात्र अजून आपल्याला सुचलेलं नाही.

मर्यादेचा भार कुणावर पडतो, हा प्रश्न माथेरान विचारतं, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. खासगी मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे पायी किंवा घोड्यावर जायचं, आणि पूर्वापार माणसाने ओढायच्या रिक्षातूनही जात. १९०७ पासून धावणारी नेरळची छोटी गाडी आहे, पण दरड आणि पावसामुळे ती मधूनमधून वर्षानुवर्षं बंद राहिली आहे. मोटारबंदीमुळे तिथली झाडी आणि शांतता टिकली, हे निर्विवाद आहे. पण त्या शांततेची किंमत दशकानुदशकं हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनी आपल्या छातीने भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणुसकीला धरून नाही असं स्पष्ट सांगितलं, सहा महिन्यांत ती बंद करायला सांगितलं आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची योजना आखायला लावली. त्याच वेळी दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच पेव्हर ब्लॉक घालायला मुभा दिली. आतल्या पायवाटा मातीच्याच राहतील. हा तोल मला योग्य वाटतो. गाड्यांना मर्यादा राहिली, वाटांना मर्यादा राहिली, आणि मर्यादेचं ओझं गरिबाच्या खांद्यावरून उतरवण्याची जबाबदारी सरकारवर आली. जी शाश्वतता हमालाच्या पाठीवर उभी असते ती टिकत नाही आणि टिकूही नये.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की मर्यादा म्हणजे श्रीमंतांची सोय: शुल्क वाढवा, गरीब आपोआप बाहेर राहतील. हा धोका खरा आहे. भूतान परदेशी पर्यटकांकडून रात्रीमागे शाश्वत विकास शुल्क घेतं. २०२२ साली ते दोनशे डॉलर केलं आणि वर्षभरातच निम्म्यावर आणलं. भारतीयांना ते रात्रीमागे बाराशे रुपये आहे. चार माणसांच्या कुटुंबाला पाच रात्रींचे चोवीस हजार, प्रवास-जेवण वेगळं. अशी चाळणी आपल्याला परवडणारी नाही. शिवाय नुसती किंमत लावून गर्दी हटतेच असंही नाही. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो लावले. तिजोरीत पैसे आले, गर्दी हटल्याचं दिसलं नाही, कारण तिकिटांना मर्यादाच नव्हती. त्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. आता पन्नास हजारही उरलेले नाहीत. म्हणून मर्यादा संख्येची हवी, शुल्क कमी हवं. आकारायचंच असेल तर गाडीला आकारा, एसटीने आलेल्याला सोडा. शाळांच्या सहलींसाठी जागा राखून ठेवा, आणि ज्याला ऑनलाइन नोंदणी जमत नाही त्याच्यासाठी थोडी तिकिटं दारावर ठेवा. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला ई-पास आला, आणि २०२५ साली उटी ज्यात येतं त्या निलगिरी जिल्ह्यात दिवसाला सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार गाड्यांची मर्यादा लागली. ती गाड्यांना आहे. सरकारी बसने जाणाऱ्याला तिची झळ नाही. गरिबाला वगळायचं की मोटारीला, हे आपल्या हातात आहे.

त्याच निलगिरीत एप्रिल २०२५ मध्ये व्यापाऱ्यांनी या पासविरुद्ध बंद पाळला. यातून दुसरा आक्षेप पुढे येतो: मर्यादा म्हणजे स्थानिकांच्या पोटावर पाय. त्यांचा राग समजून घ्यायला हवा. न्यायालयाने आकडा ठरवला, तो ठरवताना त्यांना कुणी विचारलं नाही आणि घटलेल्या गर्दीच्या बदल्यात त्यांना काही मिळालंही नाही. कासला मर्यादा पचली कारण शुल्क गावाच्या कामाला लागलं. उटीला पचत नाही कारण पासातून दुकानदाराच्या हाती काही येत नाही. पण मर्यादा घातलीच नाही तर काय होतं हेही पाहिलं पाहिजे. थायलंडमधली माया बे ही लहानशी खाडी २००० साली आलेल्या 'द बीच' या सिनेमामुळे जगप्रसिद्ध झाली. दिवसाला पाच-पाच हजार माणसं बोटींनी येऊ लागली, नांगरांनी प्रवाळ मोडलं. अखेर जून २०१८ मध्ये ती पूर्ण बंद करावी लागली आणि २०२२च्या जानेवारीत उघडली. मधल्या काळात तिथे काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क परत आले. आता बोटी खाडीत शिरत नाहीत, माणसं मागच्या बाजूने मोजून सोडतात, आणि पावसाळ्यात दोन महिने खाडी बंद असते. ज्या बोटवाल्यांचं पोट तिच्यावर होतं त्यांना साडेतीन वर्षं ती मिळाली नाही. वेळेवर घातलेल्या मर्यादेने उत्पन्न थोडं कमी होतं. उशिरा आलेल्या बंदीने ते संपतं.

तिसरा आक्षेप मराठी मनाला सगळ्यात जवळचा आहे: किल्ले आमचे, महाराजांचे, तिथे जायला आम्हाला कुणाची परवानगी कशाला? जुलै २०२५ मध्ये बारा किल्ल्यांना मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. साल्हेर, शिवनेरी, रायगड, राजगड, सिंधुदुर्ग यांसह अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. कासचा अनुभव सांगतो, की मान्यतेपाठोपाठ गाड्या येतात. आणि डोंगरी किल्ला बांधणाऱ्यांनीच त्याची मर्यादा दगडात कोरून ठेवली आहे: पाण्याची टाकी. शिबंदी किती ठेवायची याचा हिशेब गडावरच्या पाण्याशी बांधलेला असे, कारण वेढा पडला तर पाणी संपल्यावर गड पडतो. आज त्याच टाक्यांत बाटल्या तरंगतात. स्वच्छतेसाठी राबणाऱ्या दुर्गप्रेमी तरुणांनी पोती भरून कचरा खाली आणला आहे, आणि तरीही पुढच्या पावसाळ्यात तितकाच कचरा पुन्हा साठतो. ज्या वारशावर आपला हक्क आहे त्यावर अजून न जन्मलेल्यांचाही तितकाच हक्क आहे. शिवाय अडचण वर्षभराच्या संख्येची कमी आणि पावसाळ्यातल्या मोजक्या रविवारांची जास्त आहे. मंगळवारी ओस पडलेल्या वाटेवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते. दिवसाचा आकडा ठरवला तर वर्षाला तितकीच माणसं गडावर जाऊ शकतील, फक्त निरनिराळ्या दिवशी. आणि शिस्तीने मोठा समुदाय चालवणं मराठी माणसाला नवं नाही: वारीत दिंड्यांना क्रमांक असतात, कुणी रथापुढे चालायचं, कुणी मागे, हे ठरलेलं असतं, मुक्काम ठरलेले असतात, आणि तो क्रम पाळला जातो.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र वेगळाच आहे: एका ठिकाणी अडवलेली गर्दी शेजारच्या ठिकाणी जाते. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. मे अखेरीला भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला लोटणाऱ्या गाड्यांचं उदाहरण घ्या. नर काजवा उजेडाची उघडझाप करून मादीला बोलावतो. गाड्यांच्या दिव्यांत आणि मोबाइलच्या झोतात ती खूण हरवते, आणि ज्या चार आठवड्यांत पुढची पिढी जन्माला यायची ते वाया जातात. वनविभाग अभयारण्यात वेळेची बंधनं घालतो, तर लोक अभयारण्याबाहेरच्या रानाकडे वळतात, जिथे विचारणारं कुणीच नसतं. म्हणून एखादं ठिकाण प्रसिद्ध होऊन नासल्यावर नियम करण्यापेक्षा तालुक्या-जिल्ह्याचा एकत्र विचार करून प्रसिद्धीच्या आधीच मर्यादा ठरवायला हवी, आणि तो अधिकार ग्रामसभेला हवा. हे स्वप्नरंजन नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपलं जंगल आणि त्यातले जीव राखण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली तो मिळवला आणि चालवून दाखवला. तोच अधिकार पर्यटकांचा ओघ ठरवण्यापर्यंत नेणं ही राजकीय इच्छेची बाब आहे.

आणि प्रवासाच्या धुराचं काय? २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातला सुमारे ८.८ टक्के वाटा पर्यटनाचा होता, आणि आधीच्या दहा वर्षांत पर्यटनाचं उत्सर्जन वर्षाला साडेतीन टक्क्यांनी वाढत आलं होतं. या वाढीत अमेरिका आणि चीनबरोबर भारताचंही नाव आहे. यात मोठा भाग येण्याजाण्याचा, विशेषतः विमानाचा. गावाच्या मर्यादेने विमान थांबत नाही, हे खरं. पण माणूस कसा येतो हेही जागा ठरवू शकते. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण २०२२ साली पुरं झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्यातल्या मोपा इथल्या दुसऱ्या विमानतळाचं उद्घाटन झालं. पर्यटनाचा पैसा यातल्या कशावर जास्त खर्च व्हावा, याचा निर्णय आपण न बोलता घेऊन टाकला. सोय मात्र नीट करावी लागते. पुण्याजवळ सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी गाड्या थांबवून विजेवरच्या बस सोडल्या, आणि दोनेक आठवड्यांत ती योजना गुंडाळावी लागली, कारण घाटाला आणि रविवारच्या गर्दीला त्या पुऱ्या पडल्या नाहीत. आधी बस पुरेशा, मग गाड्यांना बंदी, हा क्रम उलटा केला की चांगली कल्पना बदनाम होते. पर्यटकापुरतं सांगायचं तर वर्षात सहा वेळा दोन-दोन दिवस धावत जाण्यापेक्षा एकदा आठवडाभर एका जागी राहणं प्रत्येक हिशेबाने बरं: धूर कमी, वाटेतली दगदग कमी, आणि गावात पडणारा पैसा जास्त.

साताऱ्याच्या डोंगरात कोयनेच्या काठाने 'नवीन महाबळेश्वर' वसवायचा आराखडा पुढे सरकतो आहे. दोनशेहून अधिक गावं त्यात आहेत आणि कासच्या रस्त्याला आजच हॉटेलांची दाटी झाली आहे. पठारावर तीन हजारांची मर्यादा आणि पठाराच्या पायथ्याशी खोल्यांना मर्यादाच नाही, हे फार काळ एकत्र चालणार नाही. या आराखड्यावर बोलताना रस्ते किती रुंद होणार आणि गुंतवणूक किती येणार हे आपल्याला सांगितलं जाईल. त्या वेळी आपण विचारायचं ते हे: एकूण खोल्या किती, त्यांना उन्हाळ्यात पाणी कोणत्या धरणातून आणि कुणाच्या वाट्याचं, कचरा कोणत्या गावाच्या हद्दीत, आणि शुल्कातला किती वाटा ग्रामपंचायतीच्या खात्यात. बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्रातल्या प्रत्येकासाठीही एका दिवसाचा आकडा पायथ्याच्या ग्रामसभेसमोर ठरवून जाहीर झाला पाहिजे, आणि तो पुढच्या पावसाळ्याच्या आत झाला पाहिजे. तुमच्या आमदाराला हे प्रश्न पत्राने विचारा. आणि एखाद्या शनिवारी 'आज जागा भरली' असं उत्तर मिळालं, तर रागावू नका. दुसरा दिवस मागून घ्या.